आता येत आहेत

मंडळी, तिसरा बँड अजून एम-बासष्टवर आहे.
व्हॅनचा क्लच गेलाय. ड्रमरचा फोन होता,
म्हणाली, वीस मिनिटं.
आवाजात चाळीस होती.

तोवर माइक माझ्याकडे.

मी काही निवेदक नव्हे. मी अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो,
दर मंगळवारी ह्या पबच्या दारात बसून
तुमच्या मनगटांवर शिक्के मारतो,
आणि नावं पुकारतो, कारण नऊ वर्षांपूर्वी
पुकारणारा आला नव्हता.
माझे उच्चार हडर्सफील्डला सवयीचे झालेत.
हडर्सफील्डचे मला अजून नाहीत.

पहिले दोघे ऐकलेत तुम्ही.
'कौन्सिल टॅक्स': पोरं गुणी आहेत, चिडलेली आहेत,
गिटार सुरात लावत बसत नाहीत,
तेवढ्यात राग निवायचा.
मग 'डॅम्प रूम', सायक्स बहिणी दोघी,
त्यांच्या कीबोर्डची एक पट्टी मुकी आहे.
मी म्हटलं, आण, पाच मिनिटांचं काम.
थोरली म्हणाली, नको,
गाणी तिला वगळूनच बसवलीत,
ती बोलायला लागली तर आमची पंचाईत.

पण मला तिसऱ्यांचं सांगायचंय.
'लास्ट बस, मार्सडन'.
त्यांची सीडी आली ती चिप्सच्या कागदात गुंडाळून,
व्हिनेगरचा वास अजून माझ्या खणात आहे.
चार गाणी. कॉल्नकाठच्या जुन्या लोकरगिरणीत,
चौथ्या मजल्यावर, बहुतेक घोंगड्या टांगून ध्वनिमुद्रित केलेली.
पहिलं विसरा.
दुसऱ्यात, एक मिनिट अकरा सेकंदांवर,
सगळे थांबतात आणि ड्रम एकटे उरतात.

मी सोल्डरिंगची कांडी खाली ठेवली.

इचलकरंजीत आमची आणि मागाची भिंत एकच.
खटक्-खट, खटक्-खट, धोटा जायचा, धोटा यायचा,
मी एकोणतीसचा पाढा त्याच्यावर पाठ केला.
रात्री वीज गेली की सगळं घर दचकून उठायचं,
शांततेनं.
आणि ही ओडेट हेग, वय बावीस,
दिवसा बेकरीत पावांना कापे देणारी,
माझ्या बापाचा माग वाजवत होती,
तुटलेल्या धाग्याच्या अडखळीसकट.

गेल्या महिन्यात विचारलं तिला.
गिरणीच्या भिंतींत मुरलाय का गं हा ताल?
आजोबा विणकर होते का?
ती हसली. आजोबा पोस्टात होते.
"लिफ्ट बंद आहे. ड्रम घेऊन चार मजले चढते मी,
आणि माझा डावा गुडघा दुखतो.
तो जिना आहे."

झालं. माझा सगळा सिद्धांत
पायऱ्यांवरून गडगडत खाली.
तरी रोज ऐकतो. गुडघाही ऐकू येतो आता,
मागही. दोघं भांडत नाहीत.

लेनॉक्स मागून बोटं दाखवतोय: आणखी पाच.
त्याच्या वडिलांनी ह्याच गावात, तळघरात,
कपाटाएवढे स्पीकर बांधले होते,
त्यामुळे त्याला रिकाम्या आवाजाचा कंटाळा येतो,
आणि मी तर केव्हाचा रिकामा आहे.
मोजलं, आपण अकरा जण आहोत.
त्यातले पाच आधी वाजवून बसलेले.
त्या कोपऱ्यात बेसवाल्या मुलाची आई, मिसेस डायसन,
कानात कापूस घालून सगळ्यांच्या आधी आल्यात.

मागचं दार. गार हवेचा लोट,
आणि हवेआधी बेस ड्रम, आडवा,
त्याच्यामागे एक लंगडती मुलगी.

आता म्हणायला हवं काहीतरी.
जे होतं ते ती यायच्या आधीच सांगून बसलो.
प्लग शोधतायत, तारा उलगडतायत, माझ्याकडे पाहतायत,
आणि माझ्या हातात फक्त त्यांचं नाव.

थांबा. स्टूल व्हॅनमध्येच राहिलं.

मिसेस डायसन उठतात,
स्वतःची खुर्ची उचलतात,
डोक्यावरून पुढे देतात,
आणि कापूस काढून
भिंतीला टेकून उभ्या राहतात.