फुलाला बांधलेला दोरा

रोह्याच्या वत्सला शेलारने
राखेत घोळून दिलेलं बी
कफ सिरपच्या रिकाम्या बाटलीत सोहारला आलं,
वर कापूस, झाकण घट्ट,
मोजून सत्तावीस.
म्हणाली होती, कंपनीचं नाय हां,
माझ्या सासऱ्याच्या वेळचं हाय.
पांढुरकं कलिंगड, गोल गरगरीत.
पहिलं फळ खाऊन टाकलंस तरी चालंल,
पण त्याचं बी फेकायचं नाय.

घरामागे दहा पावलं वाळू.
बोअरचं पाणी खारं, पानांच्या कडा जाळणारं.
म्हणून एसीच्या नळीखाली बादली:
रात्रभर टपटप,
आमच्याच श्वासांचं, वाळत घातलेल्या कपड्यांचं पाणी,
सकाळी पाऊण बादली, बिनमिठाचं.
शेजारच्या खल्फानने शेळ्यांच्या लेंड्या दिल्या, दोन पोती.
पैसे विचारले तर रागावला.

मादी फुलाच्या पोटाशी आधीच असतं
नखाएवढं कलिंगड, लव असलेलं.
संध्याकाळी मी कळ्या हेरायची, उद्या उमलणाऱ्या,
नर आणि मादी, दोघांचीही तोंडं दोऱ्याने बांधायची,
कारण भिंतीपलीकडे खल्फानचा वेल,
लांबुडक्या, काळपट हिरव्या फळांचा,
आणि माश्या कुणाचंच ऐकत नाहीत.
पहाटे हॉस्पिटलची बस यायच्या आत
नराच्या पाकळ्या सोलून
मादीला परागांचं बोट. पुन्हा दोरा.
रेवा दारातून बघायची, तोंडात ब्रश:
आई, तू त्यांचं लग्न लावतेस?
लग्न नाही गं, नोंदणी.

दिवसभर मी रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवते.
याचं त्याला जाऊ नये
एवढंच माझं काम. अकरा वर्षं.

मग मार्चमध्ये रेवाला ताप.
तीन संध्याकाळी कुणी कळ्या बांधल्या नाहीत.
वेलाला काय, त्याने आपलं उरकून घेतलं.
फळ धरलं, फुगलं, पांढुरकंच, गोलच.
देठाजवळचा ताणा वाळला, पोटाखालचा डाग पिवळा झाला,
टिचकी मारली तर आवाज खोल गेला.
कापलं. अर्धं भिंतीवरून पलीकडे दिलं.
खल्फानच्या आईने फोड तोंडात धरून डोळे मिटले,
जिह, म्हणाली, आणि बिया तळहातावर काढून
मला परत दिल्या. मोजल्यासारख्या.

फळात काही कळत नाही.
फळ असतं आईचंच.
बाप बसतो बियांत, गप्प.

यंदा आलं ते धड गोल नाही, लांबही नाही.
अंड्यासारखं, काळं, अंगावर पुसट रेघा.
मी त्याच्याकडे बघत उभी,
हातात बादली तशीच.
खल्फान भिंतीवरून वाकला
आणि हसायलाच लागला,
हे नाक आमच्या घरातलं आहे.
रेवाने तर नावही ठेवलं:
कलिंजिह.
गोड निघालं, हे सांगायलाच हवं. फार गोड.
मला दोन फोडींच्या पुढे जाईना.

काल वत्सलाचा फोन.
सुट्टीत येशील तेव्हा बी घेऊन ये गं.
आमच्याकडचं गेलं. हे म्हणतात पाकिटाचंच लावू,
दर येतो. दोन वर्षं झाली.
मी हो म्हटलं.
नळीवर नाव चिकटवताना माझा हात
कधी थांबत नाही.
फोन ठेवताना थांबला.

बाटलीच्या तळाशी अजून पाच होते, मूळचे,
राखेसकट.
ओल्या फडक्यात गुंडाळून
फ्रीजच्या मागे, उबेला ठेवलेत.
आज चौथा दिवस.
बसचा हॉर्न वाजतोय.
फडकं उघडून खिडकीशी धरलंय मी:
एकाला पांढरं टोक आलंय,
की बाटलीतला कापूस आहे तो.