एक किलो चारशे दहा ग्रॅम

स्ट्रॉमनेसच्या टपाल कचेरीत
थोराची कादंबरी मीच तोलते:
एक किलो चारशे दहा ग्रॅम.
आत एक विहीर, आणि रोज रात्री
एकच पायरी वर येणारी बाई.

थोरा मासळीच्या कारखान्यात रात्रपाळीला.
तिच्या बोटांना हॅडॉकचा वास, पाकिटालाही.

लंडनच्या एकाचा तिसऱ्याच दिवशी होकार.
‘एका बैठकीत वाचली! फक्त दोन हजार पौंड भरा.’
ती बोटीचं इंजिन विकायला निघाली.
मी म्हटलं, अगं, वादळानं फेरी बंद आहे,
तुझं पाकीट अजून माझ्याच खणात पडलंय.

दुसऱ्याच्या करारात सगळे हक्क त्याचे,
ती मेल्यावरसुद्धा.
थोरा हसली. माझं भूत बरं,
सही तरी मागत नाही.

मग लेरविकची इन्कस्टरबाई.
गॅरेजात छापखाना, एकटीच.
पाच महिने शब्द नाही.
मार्चमध्ये पाकीट परत.
थोरा ते उघडेना.
सवयीनं मी तोललं:
एक किलो चारशे अडतीस.

वाढलं कसं?

पानोपानी चिठ्ठ्या, पेन्सिलीनं:
‘हे दार आधी बंद होतं ना?’
‘इथं किंकाळी नको. नुसती बादली हलू दे.’
‘आगाऊ दीडशेच देऊ शकेन. तुम्ही काही द्यायचं नाही.’
आणि दोनशे बाराव्या पानावर, वाकड्या अक्षरात:
‘रात्रीचे दोन. उरलेलं उजाडल्यावर.
आमच्याही अंगणात विहीर आहे.’

भरवसा वाटतो का गं, मी विचारलं.

थोरा ती शेवटची चिठ्ठी
उजेडाकडे धरून उभी.
म्हणाली, घाबरली ना ती.