तार

फैजपूरला लग्नसराईत मी खापरावर मांडे करते.
ऑर्डर घेऊन. शंभराचे, दीडशेचे.
कणीक मिठाच्या पाण्यात तिंबायची,
आपटायची, ओढायची,
दोन बोटांत धरली की न तुटता तार सुटली पाहिजे.
तोवर खापर तापवायचं नाही.

मला वाटायचं, मला आजार आहे.
आई म्हणायची, अंगावरून पांढरं जातंय, झडत चाललीस.
शतावरी झाली, तांदळाचं धुवण झालं,
यावलच्या एका बाबाची कडू पुडी झाली.
चड्डी मी न्हाणीत अंधारात धुवायचे
आणि टॉवेलखाली वाळत घालायचे.
लग्नानंतरही.

मेहरून तडवी सिस्टर अंगणवाडीत लस द्यायला यायच्या.
पोरीचा तिसरा डोस होता. मी हळूच विचारलं.
त्यांनी वास विचारला, खाज विचारली, रंग विचारला.
सगळ्याला नाही म्हटलं.
"मग बोटावर घेऊन पाह्यलं का कधी?"
माझी मान खाली.
"दिवसभर पिठात हात असतात ना तुझे?
हेही हातानंच कळतं."

तेव्हापासून पाहते.
पाळी सरली की दोन-तीन दिवस कोरडी परात.
मग चिकट, केळीचा घड उतरवताना
चीक लागतो बोटाला, तसं.
मग सायीसारखं, गार.
आणि एका सकाळी
अंगठ्यापासून पहिलं बोट लांब लांब नेत जावं
तर मधे तार,
नितळ,
झरोक्यातला उजेड तिच्यातून आरपार.
तुटतच नाही.
पहिल्यांदा दिसली तेव्हा एकटीच हसले, हातात तांब्या.
इतकी चांगली कणीक मला परातीतही
क्वचितच जमते.

सिस्टरांच्या तक्त्यात चौदावा दिवस होता.
माझा सतरावा. जागरणं झाली तर विसावा.
तक्त्याला काय माहीत
कोणाच्या घरी किती पंगती उठल्या.

मग दार लागतं. घट्ट, पांढुरकं,
परातीच्या काठाला उरलेलं, नखानं खरवडावं असं.
मग कोरडं.
मग लाल.

कॅलेंडरवर लिहून ठेवते: को, ची, सा, मां.
नवऱ्याला वाटायचं दुधाचा हिशोब.
"सा म्हंजे साडेतीन लिटर का?
अन् मां? कोनाकडे मांडे? पैसे आले का?"

एका रात्री दिवा मालवून सांगितलं सगळं.
जुई सहा वर्षांची, दुसरं आत्ता नको,
हे आमचं आधीच ठरलेलं.
तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला,
"मंग येवढ्या कडू पुड्या कायले खाल्ल्या वं तू?"

आता वैशाख. रात्री अकरालाही भिंती पोळतात.
काल ऑर्डर उरकून आले, कोपरापर्यंत पीठ.
सकाळी घाईत मां लिहून गेले होते.
पाहते तर त्यानं आपली गादी गच्चीवर नेलेली,
पाण्याचा तांब्याही.
माझ्या उशाशी पंखा लावून ठेवलेला.

या दिवसांत अख्खी गल्लीच गच्चीवर झोपते.
कोणाला काही कळलं नाही.