उजवी काच

शालिमारला, चोरडियांच्या दुकानात
तिसऱ्यांदा काउंटरवर चष्मा ठेवला
आणि म्हणालो, हे बघा, कोळ्याचं जाळं.
शेठ म्हणाले, ओरखडे आहेत.
मी म्हणालो, ओरखडा कुठूनतरी निघतो, कुठेतरी थांबतो.
हे आटलेल्या तळ्यासारखं
सगळीकडून एकदमच फुटलंय.

वॉरंटी कार्ड त्यांना पाठ होतं.
कोटिंग निघाल्यास काच बदलून मिळेल.
ओरखडे, आदळआपट, उष्णता : ग्राहकाची जबाबदारी.
खाली सही. माझीच.
वर्ष भरायला एकवीस दिवस बाकी.

एकतीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटांचे ताव तपासले.
ताव उजेडाशी तिरका धरायचा.
शाई फाटली, आकडा सरकला, धागा हुकला
की लाल पेन्सिल.
तावाशी वाद नसे.
ताव कधी म्हणाला नाही
की साहेब, हे तुमच्याच हातून झालंय.

गरम पाण्याने धुता का?
नाही.
गाडीत डॅशबोर्डवर?
गाडी नाही. जेलरोडहून सिटीबसने येतो.
स्वयंपाक करता?
इथे माझा आवाज चढला.
फ्रेम निवडणारी एक बाई
आरशातून माझ्याकडे बघायला लागली.
सहा हजार चारशे मोजलेत, म्हणालो,
आणि जिना उतरताना एका पायरीच्या दोन होतात,
देवळाबाहेर स्वतःच्या चपला ओळखू येत नाहीत.
शेठ म्हणाले, ते वयानेही होतं.

मग आतून तौफिकला बोलावलं.
विशीतलं पोरगं, बोटांना काच घासल्याची पांढरी पूड.
त्याने चष्मा ट्यूबलाइटखाली धरला,
किंचित तिरका केला,
अगदी तसाच,
आणि माझी मान आपोआप त्या बाजूला कलली.
डावी काच पाहिली. उजवी पाहिली.
मग थोडा वेळ मला पाहिलं.
‘लॉटच खराब असणार, शेठ.
कंपनीकडे पाठवून बघू.’

कंपनी म्हणाली, एक काच.
फक्त उजवी. डावीवरचं जाळं
त्यांच्या मापात बसलं नाही.
शेठ नाराज, मी नाराज,
म्हणजे हिशोब बरोबर.

नवी काच आली तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं.
दांड्या कानामागे बसवताना तौफिक
शेठना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला,
‘काका, उन्हात नका ठेवत जाऊ.’
मी म्हणालो, कधीच ठेवत नाही.
तो बरं म्हणाला आणि डबी पुसायला लागला.

बस द्वारक्याच्या सिग्नलला अडकली
तेव्हा आठवलं.
एप्रिल. गच्ची. कुमुदिनीच्या कुरडया.
कावळे हाकलायला मला बसवलेलं.
घाम पुसायला चष्मा काढला,
टाकीवरच्या पत्र्यावर ठेवला, उजवी बाजू टेकवून,
आणि खाली येऊन झोपलो.
चार वाजेपर्यंत.
उठल्यावर कावळ्यांवरून भांडण झालं,
म्हणून चष्मा लक्षात राहिला नाही.

एकतीस वर्षांत एकही सदोष ताव
माझ्या टेबलावरून पुढे गेला नाही,
हे मी लग्नाकार्यात सांगत असतो. जेवणाच्या रांगेतसुद्धा.
त्या पोराने एक जाऊ दिला.
उजेडाशी धरून, नीट पाहून, जाऊ दिला.

आता उजव्या डोळ्याने
बिटकोवरच्या पाट्या फोन नंबरासकट वाचतो.
डावा अजून तळ्यातच आहे.
कुमुदिनी विचारते, दुसरी कधी बदलणार?
मी म्हणतो, राहू दे ती.
म्हणजे वाद मिटला?
शेठशी मिटला.