जिन्याखालचं शेवटी

दोन दिवस झाले, थापीला हात नाही.
मालक गेटापाशी गाडी थांबवतो, काच खाली करतो,
"मेस्त, काम कुठं दिसतंय?"
बरोबर आहे त्याचं.
दिसायचं काम अजून सुरूच व्हायचंय.

केप्याच्या उतारावर, काजूच्या बागेला पाठ लावून
उभं आहे हे घर, उघड्या अंगानं.
स्वयंपाकघराला विटा, बाकी सगळा ब्लॉक,
मधे काँक्रीटचा खांब, फळीचं तेल प्यालेला, गुळगुळीत.
त्याच्यावर काही ठरत नाही.
पास्कू सकाळपासून त्याला टाचे मारतोय.
छिन्नी, हातोडी, छिन्नी,
आणि बागेतून येणारा बोंडूंचा आंबूस वास.

मी दर्जा उकरतो.
अर्धा इंच, जास्त नाही;
गिलाव्याला बोटं रोवायला जागा हवी, बस्स.
मिंगेल मेस्त, ज्याच्या हाताखाली मी पाट्या उचलल्या,
विटेला जीभ लावून बघायचा.
चिकटली तर म्हणायचा, तहानली आहे, पाज तिला.
ब्लॉकला मात्र तोंड धुण्यापुरतंच पाणी.
फार पाजलास तर तो फुगतो,
मग महिन्यांनी आकसून सूड घेतो.

लोणा कोरडाच झाडायचा, तारेच्या ब्रशनं.
ओला केला की परत आत शिरतो.
खांब आणि ब्लॉक यांच्या सांध्यावर वीतभर जाळी ठोकायची,
दोघं एका उन्हात वेगवेगळे तापतात.

जिन्याखाली ब्रश थांबला.
ब्लॉकवर कोळशाच्या रेघा,
चार उभ्या, पाचवी तिरकी,
अशा चार जुड्या. मग सुट्या तीन.

"निंगव्वा, हे तुझं?"
ती पाइप गुंडाळत होती. बागलकोटची,
आमच्या भाषेत मोजकंच बोलते.
"दिवस आहे ते," म्हणाली.
फळदेसायाच्या डायरीत तिचे दिवस एकोणीस.
मला ठाऊक होतं, मीच डायरी धरली होती
तो सही करत होता तेव्हा.

काजळी ठेवून गिलावा चढवता येत नाही.
धरत नाही, पापुद्र्यासारखा सुटतो.
एवढं मला कळतं.
तरी मी ब्रश खाली ठेवला.
"इथं पाणी मारू नको," म्हटलं.
तिनं अख्खं घर भिजवलं,
तो हातभर तुकडा सोडून.

पाचला फळदेसाय आला.
"ही का कोरडी?"
"मोजा."
त्यानं बोटानं मोजलं. चष्मा काढून परत मोजलं.
शिगम्याचे दोन दिवस काम बंद होतं, म्हणाला.
निंगव्वा कानडीत काहीतरी बोलली, लांबलचक,
मला त्यातलं फक्त "सिमेंट" कळलं.
पास्कूची छिन्नी थांबली होती.
बंद होतं खरं. पण त्या दोन दिवसांत
ट्रकमधल्या गोण्या कुणी उतरवल्या?

त्यानं तीन दिवसांचे पैसे काढले, थुंकी लावून मोजले.
चौथ्याचं उद्या बघू.

तिनं माझ्या हातातून ब्रश घेतला.
घासलं, फुंकर मारली, परत घासलं,
कोळशाची भुकटी तिच्या पायांवर.
बावीस गेल्या.
एक ठेवली.

उद्या सहाला पाणी.
सातला सिमेंटची रबडी शिंपडायची, खरखरीत,
मग ओळंबा सोडून ठिय्ये.
मागच्या भिंतीपासून धरू या, पास्कू.
जिन्याखालचं शेवटी.