तांडापेठ, तिसरी फेरी

माझं काम कूलरचं.
झाकण काढायचं, वाळ्याची ताटी बाजूला सारायची,
टाकीत टॉर्च मारायचा
आणि बघायचं, पाणी आपोआप हलतंय का.
अळ्या असल्या तर पाणी नालीत,
भिंतीवर खडूने तारीख,
वहीत एक रेघ.
दिवसाला पन्नास घरं. डेंग्यूचे दिवस.

हेडाऊंकडे टॉर्च नेहमी खुशाली धरायची.
नऊ वर्षांची, तोंडाचा पट्टा चालू:
"मावशी, हे वळवळते ते पोट्टं का म्हातारं?"
जूनमध्ये असं. जुलैतही.

ऑगस्टात ती दाराच्या मागे.
टॉर्च पुढे केला, घेतला नाही.
कूलर आतल्या खोलीत, ती उंबऱ्यापाशीच थांबली,
स्वतःच्याच घरात.
गच्चीवर गादी वाळत घातलेली,
आभाळ भरून आलं होतं तरी.
आई म्हणाली, "एवढी मोठी घोडी, परत अंथरूण भिजवते.
काहून असं करून राहिली, समजतच नाही."
शेजारीण म्हणाली, "मोठी होऊन राहिली नं, लाजते."

झोन ऑफिसात दीड तासाचं प्रशिक्षण झालं होतं.
समोसा, चहा, सही.
खोब्रागडे डॉक्टर बाईंनी पंखा बंद करायला लावला होता,
म्हणून असेल, तेवढं कानात राहिलं:
"वळ शोधत बसू नका. बरेचदा वळ नसतोच.
लेकरू बदललं का, ते बघा.
ताप चढेपर्यंत थांबता का तुम्ही?
अळी असतानाच जाता ना?
आणि उलटतपासणी नको. ऐका, खरं माना, कळवा."

माझ्या वहीत ख्यालीखुशालीचा रकाना नाही.
दुसऱ्या दिवशी वही न घेताच गेले.
आई रेशनला गेलेली.
ओट्यावर बसले, हातभर जागा सोडून.
कुठेतरी माग चालू होता, खटक खटक,
बराच वेळ तोच बोलला.
मग ती:
"झाकण उघडलं की अळीले भेव लागते का?"
"लागत असेल अळीला.
पण तू अळी नाहीस. तू टॉर्च धरणारी."
हसली नाही.
ट्यूशनच्या दादाचं नाव घेतलं.
गल्लीभर लाडका, गणपतीची वर्गणी तोच जमवतो.
"सांगितलं तर आई मरते म्हणे," एवढं बोलून
माझ्याकडे बघत राहिली,
मरते का ते विचारत.

नाही मरत, म्हटलं. तुझी काही चूक नाही.
"आता तू सांगशील कोणाले?"
खोटं बोलता आलं असतं.
म्हटलं, हो. जे थांबवू शकतात त्यांना.

गोळीबार चौकात, रसवंतीच्या आडोशाला
एक शून्य नऊ आठ लावला.
अंगठा थरथरत होता. माझ्याही घरी दोन आहेत.

आता खुशालीची आई मला बघून दार लावते.
"आमची इज्जत नालीत ओतली तुम्ही."
मी तारीख बाहेरच लिहिते, पुढे जाते.
परवा फटीतून कोणीतरी विचारलं,
"आज सापडल्या का?"
दार मात्र उघडलं नाही.

पण रात्री जागी असते ती हिच्यासाठी नाही.
गेल्या साली, नाईक तलावाकडच्या गल्लीत
तिसऱ्या घराच्या गच्चीवर अशीच गादी होती,
भर पावसाळ्यात, तिन्ही फेऱ्यांना.
जिन्यात एक मुलगा, सात-आठचा, मान खाली.
मी त्याला ओलांडून वर गेले,
टाकीत टॉर्च मारला
आणि लिहिलं:
कूलर कोरडा. घर ठीक.