जांबोटीच्या अलीकडे

जांबोटीच्या अलीकडे चेन तुटली.
रात्रीचे सव्वानऊ, रेंज नाही,
पाटीवरच्या एका लिपीला कुणीतरी डांबर फासलेलं.

दोन गाड्या निघून गेल्या.
तिसरी पुढे जाऊन
वळली.

पिकलेल्या मिशा, डिकीत पक्कड,
जुनी लिंक, शेंगांची पुडी.
“हिडी,” म्हणाला, बॅटरी माझ्या हातात देत.
तेवढं कळलं.
लिंक बसेना तेव्हा शिवी हासडली,
ती मात्र मराठीत.

पैसे काढले तर “ब्याड री”.
नाव विचारलं : बसलिंगप्पा की बसनगौडा,
किकच्या आवाजात अर्धं राहिलं.

घरी तीनदा साबण लावला.
नखांतलं काळं गेलं नाही.

परवा देसूरजवळ एक पोरगा
गाडी ढकलत चालला होता.
मी पुढे निघून गेलो होतो.
वळलो.